तक्त्यात ‘गंज : नाही’, आणि पट्टी हातात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. समुद्राजवळच्या तळावर ट्रक, जनरेटरचे ट्रेलर आणि अँटेनाचे मास्ट यांची देखभाल तुमच्याकडे आली आहे. दर महिन्याला तपासणी होते, ‘गंज : नाही’ या रकान्यात टिक पडते. तरीही परवा एका ट्रकच्या बॅटरी ट्रेखालची आडवी पट्टी नुसत्या बोटाच्या दाबाने तुटली. तपासणीत काय चुकतंय, नोंद कशी ठेवावी आणि किती दिवसांनी पाहावं, असं तुम्ही विचारलंय.

तपासणाऱ्या पोरांना बोलण्याआधी तक्ता बघा. एका गाडीला एक रकाना दिला की माणूस गाडीभोवती एक फेरी मारतो, रंग शाबूत दिसतो, टिक करतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. पण गंज सबंध गाडीला एकदम कधीच लागत नाही. तो एखाद्या वीतभर जागेत बसतो आणि तिथेच महिनोन्‌महिने कुरतडत राहतो. मीही सुरुवातीची काही वर्षं असेच तक्ते इमानेइतबारे भरले आहेत. गाडीच्या नावाने नोंद ठेवायची सोडून जागेच्या नावाने ठेवायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा गंज आमच्या आधी पोचायचा थांबला. पुढचं सगळं उत्तर या एका बदलाभोवती आहे.

आधी जागा कशा ठरवायच्या ते. उत्पादकाच्या पुस्तिकेतली यादी घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. एक गाडी नेहमीसारखी धुवा, सपाट जागेवर उभी करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च नि आरसा घेऊन तिच्याखाली जा. जिथे अजून ओल आहे ती तुमची यादी. बॅटरीचा ट्रे, टाकीला आवळणाऱ्या पट्ट्यांच्या आतलं नमद्याचं अस्तर, केबिनमधल्या रबरी मॅटखालचा पत्रा, नंबरप्लेटच्या आणि नावाच्या पाट्यांच्या मागची बाजू, पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगमधल्या फटी, अवजारांच्या पेटीचा तळ, चिखलाने बुजलेली निचऱ्याची भोकं, हार्नेसचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या वायरींच्या जुडग्याचा, सगळ्यात खाली झुकलेला वळसा. दहा गाड्या तपासल्या तरी दोन-चार जागा सोडल्या तर यादी तीच निघते. फोम, नमदा, कापडी पट्टा असं काही पत्र्याला चिकटून असेल तर त्याला पहिला नंबर द्या. स्पंजाने पाणी धरून ठेवावं तसं ते आठवडाभर पाणी धरतं, आणि वरून कोरडं ठक्क दिसतं.

फटीत गंज जास्त का, याचं कारण नुसती ओल नाही. फटीच्या आतल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो, बाहेरच्या पाण्यात तो मिळत राहतो. या फरकामुळे आतला धातू विरघळायला लागतो आणि बाहेरचा भाग त्याला हातभार लावतो. विरघळलेल्या धातूमागे क्लोराइड आत ओढलं जातं, आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं, आणि आम्लात धातू आणखी जोरात विरघळतो. म्हणजे एकदा सुरू झालं की हे चक्र स्वतःच स्वतःला पोसतं. बाहेरचा रंग तसाच राहतो. तुमच्या पट्टीचं बहुधा हेच झालं असणार. त्यात बॅटरीतल्या आम्लाचे शिंतोडे पडत असतील तर विचारायलाच नको.

समुद्राजवळ आहात म्हणून मिठाबद्दल एक गोष्ट सांगतो, ती फार थोड्या लोकांच्या ध्यानात असते. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून स्वतः विरघळतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते साधारण ३३ टक्क्यांनाच ओलं व्हायला लागतं. म्हणून ज्या दिवशी तुम्हाला हवा कोरडी वाटते, कपडे तासाभरात वाळतात, त्या दिवशीही पत्र्यावरचा खार आतल्या आत ओलसर असतो. गाडी झाकली म्हणून खार जात नाही. तो गोड्या पाण्याने धुऊनच काढावा लागतो.

धुण्यातही चुका होतात. जास्त दाबाच्या पाण्याचा झोत बेअरिंगच्या सीलवर, कनेक्टरवर किंवा ग्रीस भरलेल्या सांध्यावर मारला तर ग्रीस बाहेर नि पाणी आत जातं. धुतल्यावर निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, हवा मारून फटी वाळवा आणि ग्रीस पुन्हा भरा. धुणं, वाळवणं आणि ग्रीस हे एकच काम आहे. ते तीन पाळ्यांत वाटलं की तिसरी पाळी हमखास विसरते.

आता दोन धातूंचा सांधा. दोन वेगळे धातू ओल्या जागी एकमेकांना टेकले की त्यांतला एक दुसऱ्यापायी झपाट्याने विरघळतो, म्हणजे ‘खाल्ला जातो’. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण लष्करी साधनांत याच्याइतकी महागात पडलेली चूक दुसरी नाही आणि ती अडीचशे वर्षांहून जास्त काळ पुन्हापुन्हा होते आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली अलार्म नावाच्या फ्रिगेटच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. पत्रा तांब्याचा, खिळे लोखंडी. जहाज परत आल्यावर पाहिलं तर जागोजागी खिळे खाऊन गेलेले आणि पत्रा सुटलेला. काही खिळे मात्र चांगले होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथे चुकून तसाच राहिला होता आणि त्यामुळे लोखंड तांब्याला टेकलं नव्हतं. वीज आणि धातूंचं नातं अजून कुणाला ठाऊक नव्हतं त्या काळातली ही गोष्ट. आपण आज वॉशरखाली सीलंट लावतो किंवा इन्सुलेटिंग बुश घालतो, तो त्याच कागदाचा वंशज.

ज्ञान आलं म्हणून चूक गेली नाही. अमेरिकन नौदलाच्या इंडिपेन्डन्स या अ‍ॅल्युमिनियमच्या जहाजावर वॉटरजेटच्या, म्हणजे पाणी मागे फेकून जहाज पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेच्या, आसपास झपाट्याने गंज चढल्याचं २०११ साली उघड झालं. जहाज सेवेत येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. एफ-२२ विमानांतही पॅनेलमधल्या फटी भरायचं वीजवाहक साहित्य आणि त्याशेजारचा अ‍ॅल्युमिनियम यांचं जमलं नाही, आणि पाण्याचा निचरा नीट होत नसल्याने ते वाढलं. तिथे हुशार माणसांची वानवा नव्हती.

तुमच्या पातळीवर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कुठला धातू कुणाला खातो याइतकंच कुणाचं क्षेत्रफळ किती हेही महत्त्वाचं आहे. मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेसचा एक छोटा बोल्ट असेल तर नुकसान मोठ्या पत्र्यावर पसरतं आणि बराच काळ निभावतं. मोठ्या पोलादी पत्र्यात छोटा अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट असेल तर सगळा मार त्या बिचाऱ्या रिव्हेटवर येतो. याच कारणाने दोनपैकी एकालाच रंग द्यायचा झाला तर न खाल्ल्या जाणाऱ्या धातूला द्या. फक्त खाल्ल्या जाणाऱ्याला रंग दिला तर रंगाला ओरखडा पडेल त्या बारीकशा जागी सगळा हल्ला एकवटतो आणि पत्र्याला आरपार भोक पडतं. दोन, अ‍ॅल्युमिनियमवर खूण करायला शिसपेन्सिल वापरू नका. तिच्यातलं ग्राफाइट अ‍ॅल्युमिनियमचा वैरी आहे. तपासणाऱ्यानेच ‘इथे बघा’ म्हणून पेन्सिलने गोल काढला आणि वर्षभराने त्या गोलाचाच खळगा झाला, असं मी स्वतः पाहिलंय.

जहाज, पाण्याची टाकी किंवा जमिनीत गाडलेलं काही तुमच्याकडे असेल आणि त्यावर जस्ताचे बलिदानी अ‍ॅनोड (मूळ धातूऐवजी स्वतः झिजावेत म्हणून जोडलेले ठोकळे) असतील, तर ते किती झिजले हे मोजून लिहा. झिजलेला अ‍ॅनोड बदलायचा हे सगळ्यांना कळतं. अजिबात न झिजलेला अ‍ॅनोड पाहून लोक खूश होतात. तिथे खरं तर घाबरायला हवं. तो रंगवला गेलाय किंवा त्याचा धातूशी संपर्क तुटलाय, म्हणजे झिजायचं काम दुसरं कुणीतरी करतंय.

पाहायचं कसं? टॉर्च समोरून मारू नका, पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. रंगाखालचा फुगवटा सावलीत उठून दिसतो. डोळ्यांनंतर बोटं. रंगावरून हात फिरवला की दाण्यासारखे फोड लागतात. फोडावर टोच्याने हलकं दाबा. आत पोकळ असेल तर लगेच कळतं. पोलादावर लालसर-तपकिरी गंज सगळ्यांना ओळखता येतो. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी-करडी भुकटी येते, आणि रिव्हेटच्या दोन रांगांमधला पत्रा उशीसारखा फुगतो, कारण आत तयार झालेली भुकटी मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. जाड अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला पुस्तकाची भिजलेली पानं उलगडावीत तसे थर सुटलेले दिसले, तर ते साफ करून रंगवायचं काम नाही. त्या भागाची ताकद गेली आहे असं धरून वरिष्ठ तंत्रज्ञाकडे पाठवा. पितळ-तांब्यावर हिरवा कळंक येतो.

पितळेची एक जुनी हकिकत इथे सांगायलाच हवी. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जायचे. वरून फारसा गंज दिसत नसे, पण काडतुसाचं तोंड फाटलेलं असे. काडतुसं तबेल्यांजवळ ठेवली जात, आणि घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर काम करत असे. काडतूस बनवताना पितळेत ताण राहून गेलेला असे. ताण आणि अमोनिया एकत्र आले की तडा. याचं नीट स्पष्टीकरण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दिलं, आणि उपाय साधा निघाला: शेवटी पितळ थोडं तापवून ताण घालवायचा. यातून तपासणीसाठी घ्यायचं ते हे, की साठवणीच्या जागेत शेजारी काय ठेवलंय तेही तपासणीचाच भाग आहे. खताची पोती, अमोनियाची सफाईची द्रावणं, चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या, ओलं लाकूड, यांच्या शेजारी दारूगोळा किंवा सुटे भाग नकोत.

जास्त ताकदीच्या पोलादाचे भाग, म्हणजे टॉर्शन बार (पिळाच्या जोरावर स्प्रिंगचं काम करणारा दांडा), काही खास बोल्ट, विमानाच्या लँडिंग गियरचे भाग, यांच्यावर गंज काढणारं आम्लाचं द्रावण कधीही लावू नका. आम्लातून सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि भाग ठिसूळ होतो. तो तासाभराने किंवा आठवड्याने, कसलीही सूचना न देता तुटतो. अशा भागांना मुलामा दिल्यावर कारखान्यात सुमारे १९० अंश सेल्सिअसला तासनतास भाजतात, ते हा हायड्रोजन घालवण्यासाठीच. तुमच्या शेडमध्ये ती सोय नाही, तेव्हा तो प्रयोगही नको.

वीजजोडण्या. इथला गंज चिमूटभरही नसतो आणि घात मोठा करतो. एफ-१६ विमानांचे काही अपघात तपासता तपासता इंधनाची मुख्य झडप बंद करणाऱ्या जोडणीपर्यंत पोचले. कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना सोन्याचा मुलामा दिलेल्या सॉकेटात बसवल्या होत्या, कंपनाने त्या घासत राहिल्या आणि संपर्कावर गंज बसला. म्हणून कनेक्टर उघडला तर पिनांचा रंग बघा, हिरवट किंवा काळपट डाग बघा, आणि पर्यायी कनेक्टर बसवताना मुलामा जुळतो का ते बघा. अर्थिंगच्या पट्टीचा रोध मोजून लिहा. तो आकडा हळूहळू चढत जातो, आणि डोळ्यांना दिसण्याच्या खूप आधी सांगतो.

नोंदीकडे येऊ. प्रत्येक जागेला एक क्रमांक द्या, आणि तो क्रमांक त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना तोच ठेवा. फोटो दर वेळी त्याच बाजूने, त्याच अंतरावरून, चौकटीत मोजपट्टी धरून. त्यानंतर श्रेणी. मी चार श्रेणी वापरतो: पहिली, रंग उडालाय किंवा धातूवर नुसता डाग आहे, दुसरी, सुटा गंज आणि बारीक खळगे, तिसरी, पापुद्रे सुटतायत, धातूची जाडी कमी झालीय, चौथी, भोक किंवा तडा. ‘थोडा’, ‘बरा’, ‘किरकोळ’ असे शब्द तक्त्यातून हद्दपार करा. एकाचा ‘किरकोळ’ दुसऱ्याचा ‘गंभीर’ असतो. दुसऱ्या श्रेणीपासून पुढे खळग्याची खोली गेजने मोजा, आणि बंद पेटीसारख्या भागांची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने बाहेरून मोजा. कोणती जाडी चालेल याचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या, अंदाजाने नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: मागच्या वेळेपेक्षा काय बदललं.

उदाहरण देतो. एका जागी खळगा ०.६ मिलिमीटर आहे आणि वर्षभर तेवढाच आहे. दुसऱ्या जागी तो ०.२ आहे, पण तीन महिन्यांपूर्वी नव्हताच. जुन्या तक्त्यात पहिली जागा लाल आणि दुसरी हिरवी दिसली असती. मला आधी दुसरीकडे जायचंय. पहिल्या जागेवरची प्रक्रिया थांबलेली आहे, दुसऱ्या जागेवर पाणी कुठून तरी नव्याने येऊ लागलंय, आणि ते कुठून येतंय हे शोधणं खळगा घासण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. वर कुठेतरी फाटलेलं गॅस्केट सापडेल.

किती दिवसांनी पाहायचं, याचा सगळ्यांना चालेल असा आकडा नाही. हवा ठरवते. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे सी१ पासून सीएक्सपर्यंत सहा वर्ग आहेत. सी३ मध्ये उघडं साधं पोलाद पहिल्या वर्षात २५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं, सी५ मध्ये ८० ते २००, आणि सीएक्समध्ये २०० ते ७००. एकाच तळावर समुद्राकडची शेड आणि टेकडीमागची शेड वेगवेगळ्या वर्गांत असू शकतात. तुमचा वर्ग कळायला महागडं यंत्र लागत नाही. साध्या पोलादाच्या चार-पाच पट्ट्या नीट वजन करून वेगवेगळ्या शेडमध्ये टांगा, ठरलेल्या काळाने गंज पद्धतशीर काढून पुन्हा वजन करा.

त्यावरून सुरुवातीचा काळ ठरवा आणि पुढे जागेलाच बोलू द्या. माझी पद्धत अशी: सलग तीन तपासण्यांत काहीच हललं नाही तर त्या जागेचा कालावधी दुप्पट, पण पुस्तिकेतल्या मर्यादेबाहेर कधीच नाही. श्रेणी एक पायरी जरी चढली तरी कालावधी निम्मा. परिणाम असा होतो की तक्त्यातल्या निम्म्या जागा महिन्याच्या यादीतून निघून जातात आणि उरलेल्यांकडे माणसं खरोखर वाकून बघतात. याशिवाय वादळ, खाऱ्या पाण्यातून प्रवास, जहाजावरून वाहतूक किंवा आग विझवण्याच्या पावडरीचा फवारा झाला, तर तारखेची वाट न बघता धुऊन तपासणी.

उभ्या गाड्या चालत्या गाड्यांपेक्षा लवकर खराब होतात, हे कुणाला पटत नाही. ताडपत्री घट्ट आवळून झाकलेली गाडी म्हणजे वाफेचं भांडं. दिवसा आतली ओल वर चढते, रात्री थंड पत्र्यावर दव होऊन बसते. झाकायचंच असेल तर खालून हवा खेळती ठेवा. दीर्घ साठवणीसाठी बंद जागेत आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आत ठेवणारं यंत्र उत्तम. पोलादाचा गंज साधारण ६० टक्क्यांच्या वर झपाट्याने वाढतो. पण वरची खाराची गोष्ट आठवा: धुतल्याशिवाय कोरड्या जागेत ठेवलेली गाडी पुरती सुरक्षित नाही. सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्या तर त्या बदलल्याची तारीखही तक्त्यात हवी. पाणी पिऊन तृप्त झालेली पिशवी नुसती जागा अडवते.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी तारेचा ब्रश नको, त्याचे कण रुततात आणि तिथे नवा गंज सुरू होतो. जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असू शकतं आणि जुन्या बोल्टवर कॅडमियम. दोन्हींची धूळ विषारी आहे, कोरडं घासू नका आणि योग्य श्वसनमास्क शिवाय तर नाहीच. आधी मीठ धुवा, मग घासा. उलट केलं तर मीठ खळग्यांत दाबलं जातं. रंग देताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअस जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यावरच तुम्ही रंग लावताय.

आणि मोठे साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी सरसकट रंग मारायची प्रथा तुमच्याकडे असेल तर ती थांबवायचा प्रयत्न करा. ताज्या रंगाखाली वर्षभराच्या फोटोंचा माग पुसला जातो. थांबवता आली नाही तर किमान क्रमांक दिलेल्या जागांवर चिकटपट्टी लावून त्या तेवढ्या सोडायला लावा. मी हे दोनदा करून पाहिलं, एकदा बोलणी खाल्ली, एकदा साहेबांनीच पट्ट्यांबद्दल विचारलं आणि तक्ता मागवून घेतला.

नवा तक्ता बनवायला बसण्याआधी मात्र आजच एक करा. ज्या मॉडेलच्या ट्रकची पट्टी तुटली त्या मॉडेलचे सगळे ट्रक उभे करा, बॅटऱ्या उतरवा, ट्रे काढा, आम्लाच्या बॅटऱ्या असतील तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती जागा धुऊन नंतर गोड्या पाण्याने साफ करा, आणि प्रत्येक पट्टीवर टोचा दाबून बघा. ज्या ट्रकची पट्टी टोच्याखाली दबेल त्याची बॅटरी परत बसवू नका, आणि ट्रेमधलं निचऱ्याचं भोक उघडं आहे का ते प्रत्येक ट्रकवर वेगळं लिहून घ्या. माझा अंदाज आहे की तुटलेल्या पट्टीच्या ट्रकवर ते बुजलेलं असेल.